दुपारी न लागणारे ब्रेक

आक्कांनी ब्रेकच्या डिस्कच्या काठावर अंगठा टेकवला आणि डोळे मिटून तो सावकाश गोल फिरवला. गाडी लिफ्टवर चढवलेली होती आणि पुढचं डावं चाक भिंतीला टेकून ठेवलं होतं. झिजलेल्या डिस्कच्या काठाला ओठ येतो, त्यात नख अडकतं. चाळीस वर्षांत आक्कांचं नख जिथे अडकलं नाही अशी गाडी ह्या दारात क्वचितच आली होती. इथे नख सरळ घसरून बाहेर आलं.

"हिला काय धाड भरली आहे?" त्या म्हणाल्या. "नवरीच्या गालासारखी आहे."

गाडीचा मालक दोन हात लांब उभा होता. पंचावन्नच्या आसपासचा, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि गाडी वर टांगलेली असतानाही किल्ली मुठीत घट्ट.

"बदलायच्या आहेत आजी. चारही."

"आजी तुमच्या घरी असेल. इथे मला आक्का म्हणतात. आणि दुखत नसलेला दात उपटायला मी काही बसलेली नाही."

साहेब हसले नाहीत. आक्कांचा मुलगा मात्र मध्ये आला. चाळिशी उलटली तरी आईच्या जिभेचं त्याला अजून भ्यायला व्हायचं. मोबाइलवर किंमत शोधून झाली होती. तो आईच्या कानाशी वाकला आणि त्याने आकडा सांगितला.

"किती?"

त्याने पुन्हा सांगितला.

"ब्रेक घेतोयस की घर?" आक्कांनी सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं विचारलं. "एवढ्या पैशांत माझ्या धाकट्या बहिणीने दोन खोल्या घेतल्या, वर बाल्कनी."

"आई, हळू. लोखंडाच्या नाहीत त्या. भट्टीत भाजलेल्या असतात, कपबशीच्या जातीच्या. चार डिस्क, आठ पॅड, मजुरी वेगळी." मग आणखी खाली वाकून, "एवढ्या एका कामात आपली दुसरी लिफ्ट येते."

"किमतीचं राहू द्या," साहेब म्हणाले. "दोनदा दिली आहे मी. एका वर्षात."

आक्कांनी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. पैसा उधळणारा माणूस त्यांना लांबून ओळखू यायचा, त्याची हनुवटी वर असते. ह्या माणसाची हनुवटी छातीला लागली होती.

असल्या डिस्कची झीज काठावरून कळत नाही, वजनावरून कळते. कमीत कमी किती वजन असावं ते आतल्या अंगाला कोरलेलं असतं, त्याच्याखाली उतरली की ती बाद. मुलाने डिस्क उतरवली आणि भंगार तोलायच्या काट्यावर फडकं अंथरून अलगद ठेवली. आक्का चष्मा लावून काट्यासमोर बसल्या. शाळेत त्या तिसरीपर्यंतच गेल्या होत्या. अक्षरांशी त्यांचं कधी पटलं नाही, आकड्यांशी मात्र सख्ख्या बहिणीसारखं होतं. कोरलेला आकडा त्यांनी पाहिला, काट्यावरचा पाहिला. वजन पूर्ण भरलं होतं. एखादा वेलदोडा कमी भरला असेल तर असेल.

"नव्या आहेत," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही सांगा. काय होतंय?"

"लागत नाहीत."

"कधी?"

साहेबांनी किल्ली ह्या मुठीतून त्या मुठीत घेतली. "दुपारी. साधारण दोन ते चार."

मुलगा पाठमोरा झाला आणि पान्यांच्या डब्यात काहीतरी शोधू लागला. त्याचे खांदे हलत होते. आक्कांना हसू आलं नाही. डॉक्टरसमोर लाजिरवाणं दुखणं सांगावं तसं त्या माणसाने ते सांगितलं होतं.

"सकाळी लागतात. संध्याकाळी, रात्री, केव्हाही लागतात. दुपारी पायाखाली दगडासारखं घट्ट लागतं आणि गाडी आपली चाललेली. बरोबर कोणी बसलेलं असलं तर दुपारीही लागतात. कंपनीचा माणूस मी मुद्दाम तीन वाजता शेजारी बसवला, तर जागच्या जागी उभी राहिली. म्हणाले, साहेब, दुपारी थोडी झोप घेत चला."

"मग दुपारी गाडी काढू नका. विषय मिटला."

"दुकानं तीन आहेत माझी. दुपारीच फिरावं लागतं." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि दुसरी गाडी मी हातात घेत नाही. नवीनच घेतली होती एक. ती तर दिवसभर तशी होती. महिन्यात विकली."

मुलाचे खांदे हलायचे थांबले होते.

"मागच्या बुधवारी भिंतीला टेकवून थांबवली," साहेब म्हणाले. "भिंत होती म्हणून. शाळेचं फाटक तिथून वीस पावलांवर आहे. आक्का, तुम्ही पैसे घ्या आणि बदला. तुमच्याकडे बदलले की तुम्ही स्वतः बसून बघता, असं ऐकलं म्हणून आलो."

ते खरं होतं. आक्कांच्या यजमानांनी गॅरेज काढलं त्या पहिल्याच वर्षी एका गिऱ्हाइकाने कुत्सितपणे म्हटलं होतं, एवढा भरवसा आहे कामावर तर बायकोला बसवा शेजारी.  आक्का हातातलं पातेलं खाली ठेवून बाहेर आल्या आणि जाऊन बसल्या. तेव्हापासून ब्रेकचं काम झालं की मालकाच्या शेजारी आक्का बसायच्या, उताराच्या तळाशी पाण्याची टाकी आहे तिथवर जायचं आणि परत यायचं. यजमान गेले, पद्धत राहिली. ह्या दारातून खोटं बिल कधी बाहेर गेलं नव्हतं आणि न थांबणारी गाडीही. लोकांना देवळात मान असतो, आक्कांना त्या शेजारच्या सीटवर होता. गाडी चालवायला त्या कधी शिकल्या नाहीत. शिकवायला कोणी आलं नाही आणि विचारायला त्या गेल्या नाहीत.

भिंतीवरच्या घड्याळात तीनला वीस मिनिटं कमी होती.

"चाक चढव," त्या मुलाला म्हणाल्या. "आधी बसते, मग सांगते."

"आई, मी जातो."

"तू जाशील आणि ऑर्डर टाकून येशील. मला माहीत नाहीस का तू?"

गाडी खाली आली. दार उघडून आक्का आत बसणार, तोच त्यांचं लक्ष खाली गेलं. आतलं कार्पेट सायीच्या रंगाचं होतं. त्यांच्या पायांना तेल, काजळी, दिवसभराचं सगळं लागलेलं होतं. चपला त्यांनी लिफ्टपाशीच सोडल्या, पण पाय तर काढून ठेवता येत नाहीत. लोकाच्या वस्तूवर डाग पाडायचा नाही, हे त्यांच्या हाडात होतं. त्यांनी दोन्ही पाय वर उचलून घेतले आणि त्या पाटावर बसावं तशा सीटवर बसल्या.

"पाय खाली ठेवा की," साहेब म्हणाले.

"असू द्या. ह्या वयात मोडून ठेवलेलेच बरे."

सगळं कार्पेट नव्यासारखं होतं. फक्त त्यांच्या समोर, उजव्या बाजूला, तळव्याएवढा तुकडा पार घासून गेला होता. खालची काळी वीण दिसत होती. शेजारी बसणाऱ्याने काय घासावं तिथे, एवढं एक आक्कांच्या मनात आलं, आणि गाडी निघाली.

गाडी कसली, आवाज नाही की धक्का नाही. दुपारची वेळ, दुकानांची शटरं अर्धी ओढलेली, सावलीत एक कुत्रं. उतार लागला तसा साहेबांनी पाय ब्रेकवर नेला. आक्का तेवढंच बघायला बसल्या होत्या. पाय खाली गेला. पँटच्या आत मांडी ताठ झालेली दिसली. पायाखाली खरंच दगडासारखं घट्ट असावं, कारण त्या माणसाचं अंग सीटवरून किंचित वर उचललं गेलं.

गाडीवर काहीच फरक पडला नाही.

"लावा," आक्का म्हणाल्या.

"लावलाय."

घासल्याचा आवाज नाही, वास नाही. समोरच्या आकड्यांकडे त्यांनी पाहिलं. चाळीस. बेचाळीस. पंचेचाळीस. तळाशी मोठा रस्ता आडवा जात होता आणि टाकीपाशी पाणी भरून एक टँकर तोंड बाहेर काढत होता, आपल्याच तंद्रीत, म्हशीसारखा.

"हँडब्रेक!"

"तोही," साहेब म्हणाले. आवाज अगदी शांत होता. आणि मग आक्कांनी जे पाहिलं ते त्यांना पुढे कोणाला सांगता आलं नाही. त्या माणसाने ब्रेकवरून पाय काढून घेतला. थकलेल्या माणसाने काठी बाजूला ठेवावी तसा.

आक्कांनी काही ठरवलं नाही. त्यांचा उजवा पाय आपोआप सुटला आणि खाली आपटला, नेमका त्या घासलेल्या तुकड्यावर. टाच टेकली तशी सबंध गाडीचं वजन त्यांच्या पोटरीतून, गुडघ्यातून, कंबरेपर्यंत चढलं. बाळंतपणातसुद्धा असा भार त्यांनी घेतला नव्हता. दात आवळून त्यांनी पाय दाबून धरला.

गाडी थांबली. तोवर पुरता बाहेर आलेल्या टँकरच्या मागच्या शिडीत आणि गाडीच्या नाकात वितीचं अंतर होतं. टँकर निघून गेला. त्याला कळलंही नाही.



"लागला," आक्का म्हणाल्या.

"मी सोडला होता, आक्का."

"दिसलं मला."

साहेब त्यांच्या पायाकडे बघत होते. काळा, तेलकट, सायीच्या रंगावर. आक्कांना तो उचलावासा वाटला, पण तो उचलेना.

"तिचाही तिथेच असायचा," ते म्हणाले.

"कोणाचा?"

"बायकोचा. बावीस वर्षं. वळण आलं की पाय, सिग्नल आला की पाय. मी म्हणायचो, तुझ्या बाजूला ब्रेक नाही, उगाच कार्पेट झिजवू नकोस. पाहुण्यांसमोर म्हणायचो. सगळे हसायचे. तीसुद्धा हसायची."

"वारल्या?"

"नाही, नाही. भावाकडे असते. वर्ष झालं."

"भांडण?"

"काही नाही. एक दिवस म्हणाली, माझा पाय दुखतो."

परत येताना आक्कांनी गॅरेजच्या दारापर्यंत पाय खालीच ठेवला. उतरल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि साहेबांनी निमूटपणे किल्ली त्यात ठेवली. ते टॅक्सीने गेले.

"मग? टाकू ऑर्डर?" मुलाने विचारलं.

"नको."

"म्हणजे ब्रेक चांगले आहेत?"

"ब्रेक उत्तम आहेत."

"मग गाडी कशाला ठेवून घेतलीस?"

 घराची पायरी चढताना आक्कांनी दाराची चौकट धरली. उजवा पाय उन्हात टांगलेल्या ओल्या कपड्यासारखा थरथरत होता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला एक बाई गॅरेजच्या दारात आल्या. लहानखुऱ्या, पन्नाशीच्या, केस नीट विंचरलेले आणि डोळ्यांखाली काळं. लिफ्टवरची गाडी त्यांनी पाहिली. एखाद्याला आपलं कुत्रं परक्याच्या अंगणात दिसावं, तसं त्यांच्या चेहऱ्यावर झालं. मग त्या बाकावर बसल्या आणि सवयीने उजव्या पायातली चप्पल काढून तळवा दाबू लागल्या. डावी चप्पल कालच घेतल्यासारखी होती. उजवीला चवड्याखाली आरपार भोक पडलं होतं.

आक्कांना नाव-गाव विचारायची गरज पडली नाही.

"चहा घेणार?"

"नको. तुम्ही आक्का ना? ह्यांनी फोनवर सांगितलं." त्या जरा घुटमळल्या. "खरं तर फोन मीच केला. वर्षात पहिल्यांदा. काल दुपारी मी झोपले होते आणि दचकून उठले. तीनला पाच कमी होती. पाय हलायलाच तयार नाही. म्हणजे दुखत नव्हता, नुसता शांत. संध्याकाळीही शांत. मला वाटलं, संपलं. गेले हे. फोन लावला, तर दुसऱ्याच घंटीला ह्यांनी उचलला. म्हणाले, गाडी गॅरेजात आहे."

आक्का त्यांच्या शेजारी बसल्या. मुलगा गाडीच्या पलीकडे काहीतरी पुसत होता, एकच जागा पुन्हा पुन्हा.

"त्यांनी गाडी काढली की मला कळतं," बाई म्हणाल्या. "मी पोळ्या लाटत असते, देणंघेणं नाही, आणि पाय जातो. भावजय आधी हसायची. आता म्हणते, वन्सं, ओट्यापुढची फरशी तडकली, जरा जपून. रात्री ते अकरा-अकरापर्यंत फिरतात, मी पलंगावरून पाय खाली सोडून बसते. पहाटे निघतात. दुपारी तेवढा डोळा लागतो माझा. दोन तास. तेही न सांगता लागतो हो, मी काही मुद्दाम..."

"मुद्दाम झोपायला काय चोरी आहे?"

बाईंनी मान खाली घातली. मग त्यांनी आक्कांच्या पायाकडे पाहिलं. घोट्याला पट्टी बांधलेली होती.

"काल तुम्ही होतात. दुखतोय ना?"

"जरा."

"पहिल्या दिवशी जरा दुखतो."

पिशवीतून त्यांनी एक जाड पाकीट काढलं आणि दोघींच्या मध्ये बाकावर ठेवलं. "भावाने माझा वाटा दिलाय. ह्यांच्या गाडीला सगळ्यांत भारी असतील ते ब्रेक घाला. लोक म्हणतात पैसे टाकले की मिळतात तसले, माणसाशिवाय थांबणारे. काय किंमत असेल ती असो, माझी हरकत नाही. तेवढं केलंत की मी सुटले."

आक्का काट्याकडे बघत राहिल्या. तोंडाशी आलेलं त्यांनी आजवर कधी गिळलं नव्हतं. लग्नातसुद्धा नाही, मयतातसुद्धा नाही.

"आहेत ते सगळ्यांत भारीच आहेत," त्या शेवटी म्हणाल्या. "वजन पूर्ण भरलं. त्याच्या वरचे मिळत नाहीत कुठे."

 बाईंनी पाकीट पुन्हा पिशवीत ठेवलं. चप्पल पायात सरकवली आणि पाय बाकाखाली ओढून घेतला.

"पाच-सात वर्षं काढीन मी अजून," त्या हळूच म्हणाल्या. "शाळा आहे त्यांच्या रस्त्यात. दोन दुकानांच्या मध्ये."

बोलता बोलता त्यांची मान कलली. टायर रचले होते त्या बाजूला डोकं टेकलं. तोंड किंचित उघडं पडलं. भर सकाळी, हवा भरायच्या यंत्राचा खडखडाट चालू असताना, लहान मूल झोपावं तशी ती बाई झोपली. आक्कांनी मुलाला खूण केली. यंत्र बंद झालं.

दहा मिनिटंही झाली नसतील, मुलाचा फोन वाजला. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि आईकडे.

"साहेब. गाडी कधी मिळेल विचारतायत. दुकानात जायचंय म्हणे, टॅक्सीचा कंटाळा आला."

वाजण्याने बाईही जाग्या झाल्या होत्या. डोळे उघडायच्या आधी त्यांचा पाय बाकाखालून पुढे आला होता.

आक्कांनी फोन मागून घेतला.

"बोला साहेब. हो, बघितल्या. चारही. तुमचं बरोबर होतं, आतून चिरा गेल्यात. बारीक असतात हो, केसासारख्या, वजनात येत नाहीत. नाही, गाडी हलवायची नाही. एक फूटही नाही."

मुलाच्या हातातलं फडकं खाली पडलं. आक्कांनी त्याच्याकडे पाहिलं आणि बोटाने गाडी दाखवली, मग चार बोटं वर करून चाकं दाखवली. तो उभाच राहिला. त्यांनी पुन्हा दाखवली. तेव्हा तो पाना घ्यायला वळला.

"सांगते ना, माल इथे मिळत नाही. बाहेरून येतो. बोटीने. तुम्ही घरी आराम करा, दुकानं पळून जात नाहीत. पैसे आल्यावर बघू, आत्ता नकोत. काय म्हणालात?"

पहिलं चाक सुटून जमिनीवर आलं, त्याचा आवाज झाला.

"किती दिवस?" फोनमधून साहेबांचा आवाज आला.

आक्कांनी फोनवर तळवा ठेवला आणि बाईंकडे वळल्या.

"तुला किती हवेत?"